शाळेच्या नकाशात कानाला जागा हवी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पेढे वाटले गेले. निमित्त निकालाचे नव्हते, कुणाच्या बढतीचेही नव्हते. शाळेची नवी इमारत बांधावयाची आणि जुन्या इमारतीचा जो भाग टिकण्यासारखा आहे त्याची दुरुस्ती करावयाची, या योजनेला सरकारची मंजुरी आल्याचे पत्र आले होते. ज्या शाळेत पावसाळ्यात फळ्याखाली बादली ठेवून शिकवावे लागते, तिथे अशा पत्राचे मोल काय असते ते शिक्षकालाच ठाऊक. मुख्याध्यापिकाबाईंनी नकाशाची प्रत टेबलावर पसरली आणि आम्ही सारे तिच्याभोवती गोळा झालो. वर्ग किती, जिना कुठे, मुलींची स्वच्छतागृहे कोणत्या बाजूला, पाण्याची टाकी केवढी, हे एकेकाने बोट ठेवून पाहिले. मीही माझी खोली शोधली. ती नकाशात नव्हती.

मी त्या शाळेत मुलांना गाणे शिकवतो. खोली न दिसल्याचे दुःख माझे एकट्याचे असते, तर ते मी घरी नेले असते. वर्तमानपत्राची जागा त्यासाठी अडवली नसती. परंतु नकाशा दुसऱ्यांदा पाहताना माझ्या ध्यानात आले की, त्यात केवळ गाण्याची खोली राहून गेली आहे असे नाही. कान हे इंद्रियच राहून गेले आहे. आणि शाळा म्हणजे निम्म्याहून अधिक ऐकण्याचेच काम.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुनी इमारत आहे तशीच राहू द्या, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या घराण्यांत जुन्याचा जिव्हाळा फार. आजोबा ज्या बाकावर बसले तो बाक, पणजोबांनी ज्या खिडकीतून सुरसागर पाहिला ती खिडकी, हे सारे आपल्याला हवे असते. परंतु राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. त्याआधी १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम् येथे शाळेच्या गवताने शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि ९४ मुले होरपळून मेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निकालात शाळांच्या इमारतींची सुरक्षितता हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि आग विझविण्याची साधने ठेवणे शाळांना बंधनकारक केले. ज्या तुळईला वाळवी लागली आहे ती उतरलीच पाहिजे. तिच्याखाली आमच्या आजोबांनी बाराखडी गिरवली होती, एवढ्या कारणासाठी कुणाचे मूल तिच्याखाली बसवता येणार नाही.

तेव्हा प्रश्न जुने की नवे हा नाही. नवे बांधताना काय काय मोजावयाचे, हा आहे.

बडोद्यात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला अंमळ जास्त आहे. सयाजीराव महाराजांच्या हाती १८८१ साली राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली. १८८६ साली त्यांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू झाला. नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदे मंडळात मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्याच्या शाळा मात्र चालू राहिल्या. त्या काळी खेड्यापाड्यांतून शाळा देवळात, धर्मशाळेत, चावडीत, जिथे आडोसा मिळेल तिथे भरत. कायदा आधी आला आणि भिंती मागाहून. या सनावळीत माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते. गायनशाळा सक्तीच्या कायद्याच्या आधीची आहे. गाणे हे शिक्षण पुरे झाल्यावर वरून लावायचे तोरण आहे, असे त्या राज्यकर्त्याला वाटले नव्हते. तीच गायनशाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली गेली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कलावंत कारखान्यातले. दरबारी गुणिजनांचे ते खाते. कारखाना हे नाव आज ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण संस्थानात हत्तींचा, घोड्यांचा आणि दागदागिन्यांचा कारभार जसा खात्यांतून चाले, तसाच गवई-वादकांचाही चाले. अण्णा तिथे तबल्याच्या साथीला लागले ते १९४६ साली, अठराव्या वर्षी. खाँसाहेब फैयाज खाँ तेव्हा हयात होते. तीन वर्षांत, १९४९ साली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अण्णांची दरबारी नोकरी सुरू होते न होते तोच संपली. पुढचा सारा जन्म त्यांनी दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत शिकवण्या करून काढला. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा.

अण्णांची एक सवय होती. बैठकीच्या जागी ते तासभर आधी जात. जोडे काढून खोलीच्या मध्यभागी उभे राहात आणि एकच टाळी वाजवीत. मग डोळे मिटून ऐकत. टाळी लगेच विरली, तर मान डोलावून तबला उघडीत. ती भिंतीभिंतींवर आपटून परत येऊ लागली, तर यजमानांना म्हणत, "ही खोली मध्येच बोलते. हिला गप्प केल्याशिवाय गाणे होणार नाही." मग सतरंज्या दुहेरी अंथरल्या जात, दारांना पडदे लागत, मागच्या भिंतीशी लोडतक्के उभे राहात. लहानपणी मला हा दरबारी नखरा वाटे. तो नखरा नव्हता, हे मला शाळेच्या वर्गात कळले.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या एका बाजूची दुरुस्ती झाली. जुन्या खोल्यांना लाकडी तक्तपोशी होती, वर कौले होती, भिंतींना चुन्याचा गिलावा होता. दुरुस्तीत वर सिमेंटचा स्लॅब आला, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग लागला, खाली गुळगुळीत लाद्या बसल्या. खोली स्वच्छ झाली, उजेड वाढला, गळती थांबली. आम्ही सर्वांनी समाधान मानले. परंतु दोन महिन्यांत शिक्षिकांचे घसे बसू लागले. मुले "काय बाई?" असे पुन्हा पुन्हा विचारू लागली आणि बाई त्यांना बेशिस्त म्हणू लागल्या.

त्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी होती. जुन्या खोलीत तिचे बरे चालले होते. नव्या खोलीत ती मागे पडली. शुद्धलेखनात 'ताट' सांगितले की ती 'ताप' लिही, 'पाठ' सांगितले की 'पाच'. वर्गात तिची गणना मंद मुलांत होऊ लागली. माझ्या तासाला मात्र तिचा सूर कधी चुकला नाही. फक्त ती इतरांहून क्षणभर उशिरा उठे. शेजारणीच्या तोंडाकडे बघून मग गाई. मला अण्णांची आठवण झाली. मुले गेल्यावर मी दार लावून खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो आणि टाळी वाजवली. खोली कितीतरी वेळ बोलत राहिली.

पुढे डॉक्टरांनी तपासले, तेव्हा तिचा एक कान वारंवार फुटत असल्यामुळे अधू झाल्याचे निघाले. जुन्या खोलीत उरलेल्या कानावर तिचे भागत होते. नव्या खोलीने तेवढाही आधार काढून घेतला. तिला पहिल्या बाकावर आणले, औषधोपचार झाला आणि गाडी हळूहळू रुळावर आली. पण मधले दीड वर्ष ती स्वतःला मंद समजत होती. त्या दीड वर्षाचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नाही.

हे कसे घडते, ते समजायला कठीण नाही. आपण बोलतो त्यातले स्वर मोठे आणि लांब असतात, व्यंजने मात्र क्षीण आणि क्षणिक. 'ताट' आणि 'ताप' यांतला 'ता' दोन्हीकडे सारखाच. सारा फरक शेवटच्या निसटत्या व्यंजनात आहे. कठीण भिंतींच्या खोलीत 'ता'चा नाद घुमत राहतो आणि मागाहून येणाऱ्या व्यंजनाला झाकून टाकतो. मोठे माणूस संदर्भावरून गाळलेला शब्द भरून घेते. लहान मुलाजवळ शब्दांचा तेवढा साठा नसतो. ते तर तो शब्दच शिकायला आलेले असते. विजापूरच्या गोलघुमटात एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकू येते, ती ऐकायला आपण हौसेने जातो. परंतु त्या घुमटात कुणी बाराखडीचा वर्ग घेत नाही.

या बाबतीतले शास्त्रही एका शाळेच्या खोलीतूनच जन्मले आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एका नव्या कलासंग्रहालयात व्याख्यानाची खोली तयार झाली आणि तिच्यात व्याख्यात्याचा एक शब्द समजेना. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण पदार्थविज्ञान शिक्षकाकडे हे काम सोपविण्यात आले. तो रात्री सारे शांत झाल्यावर ऑर्गनची एक नळी वाजवी आणि तिचा नाद किती वेळ रेंगाळतो ते घड्याळावर मोजी. साडेपाच सेकंद! म्हणजे वक्त्याचे एक वाक्य पुरे होऊन दुसरे सुरू झाले तरी पहिल्याचा नाद खोलीत शिल्लकच. सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांवरच्या गाद्या आणून खोलीत पसरल्या. जसजशा गाद्या वाढल्या तसतसा नाद लवकर शमू लागला. त्यातून त्याने नियम बसविला: खोली जितकी मोठी तितका नाद लांबतो, आवाज पिणारा पृष्ठभाग जितका अधिक तितका तो लवकर शमतो. आवाज पिण्याचे माप म्हणून त्याने काय धरले असेल? उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

अण्णांच्या टाळीचेच हे गणित. सतरंजी, पडदा आणि लोड यांचे काम त्या गाद्यांहून निराळे नव्हते.

आता आपल्याकडच्या साध्या वर्गाला हा नियम लावून पाहू. सहा मीटर रुंद, आठ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर उंच अशी खोली घ्या. वर स्लॅब, खाली लादी, भिंतींना सिमेंट. दारे-खिडक्या लावून चाळीस मुले बसविली, तर ढोबळ हिशेबाने नाद सुमारे सव्वा सेकंद रेंगाळतो. तोही मुलांचे कपडे आणि अंगे थोडा आवाज पितात म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली गोंगाटाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत वर्गासाठी सुमारे ०.६ सेकंद हे प्रमाण सांगितले आहे, आणि वर्ग चालू असताना बाहेरचा आवाज ३५ डेसिबलवर जाऊ नये असेही म्हटले आहे. म्हणजे आपली खोली दुपटीने बडबडी. पण त्याच खोलीच्या निम्म्या छताला आवाज पिणारे तक्ते लावले, तर तोच हिशेब पाऊण सेकंदाच्या आत येतो. दोन-तीन खिडक्या उघडल्या की जवळजवळ ०.६ वर. सारे छत नको, भिंती नकोत. निम्मे छत पुरे. लाकडाचा कीस सिमेंटमध्ये दाबून केलेले तक्ते यासाठी मिळतात. कापड आणि फोम मात्र वर्गाच्या छताला लावू नये. कुंभकोणम् आपण विसरता कामा नये.

खिडकी उघडली की रस्ता आत येतो, ही अडचण खरी आहे. तिला उत्तर नकाशातच द्यावे लागते. जिना, भांडार, स्वच्छतागृहे रस्त्याच्या बाजूला घ्यावीत आणि वर्गांच्या खिडक्या आतल्या चौकाकडे उघडाव्यात. आपले जुने वाडे असेच बांधलेले नव्हते काय? दिंडी आणि देवड्या रस्त्याला, आणि माणसांची वस्ती चौकाभोवती. रस्त्याकडची भिंत भरीव हवी. झाडांची रांग सावली देते, पण आवाज फारसा अडवीत नाही. भोजन शिजवण्याची खोली पहिलीच्या वर्गाला चिकटून नसावी. यातल्या बहुतेक गोष्टींना जादा पैसा लागत नाही. आधी सुचल्या पाहिजेत, इतकेच.

आणि सुचण्याची वेळ कोणती, हे जाणून घेतले पाहिजे. मंजुरी हा शब्द आपण एकवचनी वापरतो. सरकारी कामात ती एक नसते. प्रथम ढोबळ अंदाजावर प्रशासकीय मान्यता मिळते: काम करावयाचे आणि इतक्या खर्चापर्यंत करावयाचे, एवढाच तिचा अर्थ. मग तपशीलवार नकाशे आणि अंदाजपत्रक तयार होऊन तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर निविदा, त्यानंतर काम सुरू करण्याचा आदेश. पहिल्या आणि दुसऱ्या मान्यतेच्या मधला काळ हाच बोलण्याचा काळ. तिथे छताचे तक्ते म्हणजे अंदाजपत्रकातली एक ओळ. ठेका दिल्यावर तीच ओळ 'जादा बाब' होते, आणि जादा बाब म्हटली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पेढे वाटले जातात ते पहिल्या मान्यतेला. त्याच दिवशी आपण निश्चिंत होतो आणि तिथेच चुकतो.

पैसा नाही, अशीही आज स्थिती नाही. गुजरातेत 'मिशन स्कूल्स ऑफ एक्सलन्स' या योजनेचा आरंभ १९ ऑक्टोबर २०२२ रोजी अडालज येथे झाला. तिचा एकूण अंदाज १०,००० कोटी रुपयांचा होता, आणि त्या दिवशी सुमारे ४,२६० कोटींची कामे हाती घेतली गेली. त्याआधी महिनाभर, ७ सप्टेंबर २०२२ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम श्री' योजनेस मान्यता दिली: १४,५०० हून अधिक शाळा आणि पाच वर्षांत २७,३६० कोटी रुपये. नव्या खोल्या, संगणक, भिंतीवर चित्रे दाखवणारे फळे, हे सारे येते आहे, येऊ द्यावे. परंतु ज्या खोलीत बाईंचा शब्द तिसऱ्या बाकापलीकडे समजत नाही, तिथे बोलका फळा बसवला तर तोही त्याच गोंगाटात बोलणार.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा घ्या. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीची यादी आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्ग, मुख्याध्यापकांची खोली, अपंगांना अडथळा नसलेली वाट, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, भोजन शिजवण्याची जागा, क्रीडांगण, कुंपण. यादी चांगली आहे. ती मिळावी म्हणून लोकांना झगडावे लागले आहे. पण कानासाठी तिच्यात एक शब्द नाही. तेच परिशिष्ट सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक द्या, असे सांगते. शिक्षक द्या, तो बसणार कुठे, ते मात्र सांगत नाही. माझ्यासारखे पुष्कळजण म्हणूनच जिन्याखाली आणि ओसरीत शिकवतात, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई हात जोडून "जरा हळू गा हो" म्हणतात. त्यांचा दोष नाही. माझा सा त्यांच्या गणितात शिरतो, हा नकाशाचा दोष आहे.

याच कायद्यात एक किल्लीही आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळेच्या विकासाचा आराखडा करते, आणि सरकारी अनुदानाला तोच आराखडा आधार धरायचा असतो. ही समिती बहुधा सह्यांपुरती भरते. तिने नकाशा मागवला, वर्गात टाळी वाजवून पाहिली आणि आराखड्यात चार ओळी लिहिल्या, तर त्या ओळींना कायद्याचे पाठबळ आहे.

आम्ही तसे केले. मुख्याध्यापिकाबाईंनी समिती बोलावली. दहाबाराजणी आल्या, बहुतेक मोलमजुरी करणाऱ्या. मी त्यांना दोन्ही खोल्यांत नेऊन आधी टाळी, मग एक ओळ गाऊन दाखवली. एका बाईंनी लगेच सांगितले, "मास्तर, त्या खोलीत तुम्ही गाता, ह्या खोलीत भांडता." मला याहून नेमके शब्द सुचले नसते. मग आम्ही अर्ज लिहिला. मागण्या तीन: प्रत्येक वर्गाच्या निम्म्या छताला आवाज पिणारे तक्ते, पहिली-दुसरीचे वर्ग रस्त्याच्या बाजूने चौकाच्या बाजूला, आणि इमारतीच्या एका टोकाला, भांडाराच्या पलीकडे, गायन-वादनासाठी एक खोली, जी इतर वेळी कमी ऐकणाऱ्या मुलांच्या शिकवणीला वापरता येईल.

अर्ज घेऊन मी स्वतः इंजिनियरसाहेबांकडे गेलो. वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने सभ्य. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "मास्तर, आजवर लोक माझ्याकडे वाढीव खोली मागायला आले, फाटक मागायला आले, नावाची पाटी मोठी करा म्हणून आले. शांतता मागायला तुम्ही पहिले आलात." तांत्रिक मान्यता अजून व्हायची आहे, तेव्हा विचार करता येईल, असे ते म्हणाले. वर्गांची अदलाबदल त्यांनी तिथेच पेन्सिलीने करून दाखवली. तक्त्यांचा दर काढायला सांगितला. खोलीविषयी मात्र "बघू" म्हणाले. उत्तर अजून आलेले नाही.

येईल ते येईल. या लेखाचा हेतू माझी खोली मिळवणे हा नाही. आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे आज खासगी शाळांत जातात, हे मला ठाऊक आहे. परंतु आपले आजे-पणजे महाराजांनी काढलेल्या सरकारी शाळांत शिकले आणि त्या शिक्षणावर आपली घरे उभी राहिली. त्या ऋणाची फेड फोटोला हार घालून होत नाही. आपल्या वाडीतल्या, पेठेतल्या सरकारी शाळेला मंजुरी आल्याचे वाचाल, तेव्हा एक दिवस तिथे जा. निवृत्त इंजिनियर असाल तर नकाशा वाचून दाखवा; डॉक्टर असाल तर मुलांचे कान तपासा; काहीच नसाल तर वर्गाच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा आणि खोली किती वेळ बोलते ते ऐका. त्याला दरबारी शिक्षण लागत नाही.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा तिने मला विचारले, "सर, नव्या शाळेत मला पुन्हा पहिल्याच बाकावर बसावे लागेल का?" ज्या दिवशी मागच्या बाकावरून तिला 'ताप' आणि 'ताट' वेगळे ऐकू येतील, त्या दिवशी ती इमारत पुरी झाली असे मी समजेन. पूर्णत्वाचा दाखला कोणत्याही तारखेचा असो.